यादीतलं तिसरं नाव

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.२०
छापखान्यात मतदारयादीचं प्रूफ वाचत होतो. पान ४१. आमच्या घरातली दोनच नावं – आई आणि मी. खाली एक ओळ वाढवली: धाकटा भाऊ, वय १८. खरं वय सतरा वर्षं चार महिने. पण महिनाभर तो मागे लागलाय – "दादा, या युद्धखोरांना पाडायला माझंच एक मत कमी पडलं तर?" मालकांनी न वाचताच सही केली. म्हणाले, "आठवीत शाळा सोडलीस, पण मास्तरांना शिकवशील."

११ मार्च
सीमेवर आपण तोफा डागल्या. रेडिओ म्हणतो, हा फक्त इशारा.

१४ मार्च
त्यांनीही इशारा दिला. नदीवरचा पूल गेला. पुलावर माणसं होती.

१९ मार्च
निवडणूक बेमुदत पुढे ढकलली! विरोधकांची पत्रकं बांधून तयार होती; पोलीस गठ्ठेच्या गठ्ठे उचलून घेऊन गेले. मालक हळूच म्हणाले, "आता सरकारला मतं नकोत, माणसं हवीत."

२४ मार्च
सैन्यभरतीची वेगळी यादी करायला वेळ नाही म्हणे. मतदारयादीच घेतली! अठरा ते तीस, सगळे पुरुष. छापखाना आवश्यक सेवेत, म्हणून मी सुटलो. धाकट्याला नोटीस – सोमवारी हजर व्हा. आई उंबऱ्यातच बसली. "अरे, या पोराचं नाव घातलं कुणी?" धाकटा माझ्याकडे बघतही नव्हता. मी जेवण तसंच टाकून उठलो.

२६ मार्च
भरती कचेरीत जाऊन सगळं कबूल केलं. त्याचा शाळेचा दाखला दाखवला. कारकून हसायलाच लागला. "इथे सगळे वय कमी करून मागतात. वाढवणारा शहाणा तू पहिलाच!" लेखी जबाब घेतला. "तुझ्यावरचा खटला लढाई संपल्यावर. संपली तर." आणि नाव खोडलं!
घरी सांगितलं तर धाकटा म्हणतो, "दादा, तुरुंगात डबा मी पोचवीन." कितीतरी दिवसांनी आई हसली. मला हसू येईना. त्या पानावरची बाकीची पोरं खरोखरच अठराची आहेत.

३० मार्च, सोमवार. सकाळी ८.४५
तातडीचा सरकारी मजकूर आलाय. भरतीचं वय आता सतरा. दुपारपर्यंत पाच हजार प्रती हव्यात. मालक बाहेरगावी. प्रूफवर सही मलाच करायची आहे.