४१७२ नंबरचा डोंगर

६ जानेवारी १९९८, आदिलाबाद
प्रदर्शनातला आमचा तंबू आज उघडला. काळ्या ताडपत्रीची गुहा, आत तीन मॉनिटर, पुढं माती, गोटे, वाळलं गवत. आकडा टाकला की माहा प्रोग्रॅम पडद्यावर डोंगर काढते, रेघ रेघ करत. दर आकड्याले नवा डोंगर. जगात कुठंच नसलेला. कॉम्प्युटर क्लासचे मालक राव सर खूश. बाबा भाजीचं दुकान बंद करून आले. "झाडं काऊन नाही?" झाडं जमलीच नाही मले.

७ जाने.
नार्नूरकडचा एक म्हातारा, तुळशीराम, पडद्यापुढं बसूनच राह्यला. "बाई, हा आमचा डोंगर व्हय. याच्या पायथ्याशी गाव होतं. धरणाच्या तळ्यात गेलं." म्हटलं, हा मशीननं काढला, खरा नाही. हसला. "मले सांगतं?" उद्या लेकीले आणतो म्हणे, हाच दाखवजो. विसरू नये म्हणून मॉनिटरले चिठ्ठी चिकटवली: ४१७२, तुळशीराम, नार्नूर.

८ जाने.
सकाळीच दोघं आले. साधे कपडे, बूट मात्र सारखेच, पोलिसाचे. रांगेत नाही लागले.
"ये पहाड किधर का है?"
"कहीं का नहीं साब. मशीन बनाती."
"इसमें रास्ता दिख रहा."
"रास्ता नहीं साब, छाया है."
मग चिठ्ठी दिसली. "नंबर काहे का? तुळशीराम कौन?"
तोंडातून निघालं, "मालूम नहीं." अन् चिठ्ठीवरचं अक्षर माहंच.
चिठ्ठी नेली, फ्लॉपी नेली. तंबू बंद.
राव सर हळूच म्हणाले, "जंगलवालों का नक्शा समझ रहे अम्मा. प्रोग्राम तुम्हारा, तुमीच बोलो." जंगलवाले म्हणजे नक्षली; इकडं तेवढं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

९ जाने.
काल तुळशीराम लेकीले घेऊन आला असल. बंद ताडपत्रीपुढं उभा राह्यला असल. कोणी पाह्यलं असल त्याले?
बाबा म्हणाले, "ते वही जाळ." म्हणजे हीच. नाही जाळली. चुलीजवळ नेऊन परत आणली.
जीपचा आवाज आला की दार लावून घेते. नार्नूरले जाऊन त्याले सांगावं वाटते. पण माह्या मागं कोणी आलं तर? मीच घर दाखवल्यासारखं.

१० जाने.
शिपाई निरोप देऊन गेला. सोमवारी दहाले ठाण्यात, मशीनसकट.

१२ जाने.
गेली. साहेबासमोर ४१७२ टाकला, डोंगर आला. दुसरा आकडा, दुसरा डोंगर. साहेबानं स्वतः आपल्या स्कूटरचा नंबर टाकला. हसला. "वाह, कमाल है." चहा मागवला. मले रडूच आलं, सुटली म्हणून.
मग सहज विचारल्यासारखं, "और वो तुळशीराम?"
चहाचा कप हातात होता. म्हटलं, "बूढ़ा है साब, देखने आया था. अच्छा आदमी है."
"उस दिन तो बोली, मालूम नहीं."
मी कप खाली ठेवला.
"पहचानोगी?"
मान हलली माही. हो म्हणून.
उद्या नऊले जीप दाराशी येणार. नार्नूरच्या बाजारात नेतात मले. ओळखलं तर त्याचं काय होईल? नाही ओळखलं तर माहं? बाबा दुकानात गेलेच नाही, ओट्यावर बसून हायेत.
मी मान फिरवीनही. पण मले पाहून तो हसल. बाई म्हणून हाक मारल.