मुका मार

अण्णा,

तुमच्या नातीच्या रक्ताचा रिपोर्ट काल आला. घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. "आधी निकाल सांग, पेपर कसा गेला ते मग," असं तुम्ही म्हणायचात. तर निकाल असा की तिचं रक्त गोठायला जरा वेळ लागतो. आईवडिलांकडून येतं म्हणे हे. जरा कुठे आपटलं की काळंनिळं पडतं. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं आणि डोकं दुखलं म्हणून ॲस्पिरिन घ्यायची नाही. बाकी चारचौघींसारखं राहायचं. किती दिवसांनी काल मला जेवण गोड लागलं.

ती बिबवेवाडीला असते. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. मागच्या महिन्यात माहेरी आली आणि पोळ्या लाटायला बाह्या वर सरकवल्या, तर दंडावर चार निळे डाग, एका ओळीत. तिच्या नडग्यांवर लहानपणापासून डाग असायचे, आपली कातडीच नाजूक म्हणून आम्ही सोडून द्यायचो. पण दंडावर असे कधी पाहिले नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, "जावईबापू हात वगैरे उचलतात का गं?"

"नाही," ती म्हणाली. "आई, अजिबात नाही. त्याच्याबद्दल असं परत बोलायचं नाही. कपाट सरकवताना लागलंय."

तव्यावरची पोळी करपली, तरी मी उभीच. असं एका शब्दात, समोर बघून 'नाही' म्हणता येतं तर.

मी सहावीत होते. आपण खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. खो-खोहून रोज डाग घेऊन येते म्हणून आदल्या संध्याकाळी तुम्ही माझा खेळ बंद केला होतात. मी रडले, जेवले नाही, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी माझा दंड पाहिला, मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी कोणी मारतं का? वडील?" तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतंत. मी खाली मान घालून गप्प राहिले. घाबरून नाही, अण्णा. रागाने. माझ्या गप्प बसण्याचा बाईंनी जो अर्थ लावला, तो कुणीही लावला असता.

मग तुम्ही कारखान्यातून अर्धी रजा टाकून खाकी कपड्यांतच शाळेत आलेले आहात. मी बाहेर बाकावर बसलेय. आतून बाईंचा आवाज येतो, "मुलीवर हात उचलून शिस्त लागत नाही."

"बरोबर आहे आपलं," तुम्ही म्हणता. "पण मी उचललेला नाही. तिलाच विचारा ना."

मला आत बोलावतात. मी रडते आणि काहीच बोलत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता, बराच वेळ. मग बाईंना म्हणता, "राहू द्या. घाबरलीय ती."

परत येताना सायकलवर मला घेऊन तुम्ही घरी न जाता थेट मंडईत गेलात, काष्ठौषधीच्या दुकानातून आंबेहळद घेतलीत आणि पिशवीभर आवळे. आई सहाणेवर आंबेहळद उगाळून लेप लावायची आणि तुम्ही कामावर जायच्या आधी माझ्यासमोर आवळा ठेवायचात. डाग आठ दिवसांत पिवळे पडून गेले, नवे आले. "लेपाने बरं वाटतं," काल डॉक्टर म्हणाले, "पण रक्तातलं ते रक्तातच राहतं." रस्ता ओलांडताना माझा हात धरणं मात्र तुम्ही तेव्हापासून सोडलंत. दप्तराचा पट्टा धरायचात.

लेकीच्या त्या डागांपायीच रक्त तपासून घेतलं होतं. काल रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी माझं सांगितलं आणि सांगता सांगता तुमचे हात आठवले. मनगटापासून कोपरापर्यंत कायम एखादा निळा डाग असायचाच. यंत्रावर काम करणाऱ्याचे हात असेच, असं आपण धरून चाललो. दाढी करताना कापलं की तुरटी फिरवूनही अर्धा तास रक्त थांबायचं नाही. म्हणजे माझ्या दंडावरचे डाग तुमच्याकडूनच आले होते. बाईंचं तेवढं बरोबर होतं. दवाखान्यातून बाहेर पडले आणि तिथल्याच पायरीवर बसून हसले. लेक म्हणाली, "आई, बरी आहेस ना?" बरी होते. कितीतरी वर्षांत इतकी बरी नव्हते.

तुम्ही असताना हे सांगायला हवं होतं. आई अजून आहे, म्हणून निदान तिला वाचून दाखवावं, म्हणून हे लिहायला बसले. त्या दिवसाचं तिला मी इतकंच सांगितलं होतं की बाईंनी आपल्या मनानेच काहीतरी धरलं. काल रिपोर्टचं सांगितल्यावर ती म्हणाली, "बघ! आणि त्या बयेने माझ्या नवऱ्याला शाळेत उभं केलं." मग पुढची दहा मिनिटं ती बाईंना नावं ठेवत होती.

मी भाजी निवडत नुसतं "हूं" म्हटलं.