तक्त्यातले सहा

प्रिय धाकट्या,

कागदावरचं पत्र बघून हसशील. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी ताई आज शाईने बोटं बरबटवून घेतेय. हस खुशाल, पण शेवटपर्यंत वाच. तुझा निरोप मिळाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तरी तू हट्टाने चष्मा करून घेतलास. मी उत्तरात ‘थकवा असेल’ एवढंच लिहिलं. रविवारच्या कॉलला मला धरू नका, माझ्या हातून वेळ पाळली जात नाही, असं तू आईला सांगितलंस. ती अजूनही दर रविवारी सकाळी साडेअकराला केस विंचरून फोनसमोर बसते, आणि बाराला उठून भांडी घासायला घेते. ती आधीच घासलेली असतात.

माझं ऑफिस आहे तसंच आहे. सात शहरं, चौतीस माणसं, आणि सगळ्यांना एकाच वेळी एका मीटिंगला बसवायचं काम माझ्या गळ्यात. एकाची सकाळ ती दुसऱ्याची निजायची वेळ, तिसरीला मुलाला शाळेतून आणायचं असतं, आणि मोठे साहेब कुठल्याही देशात असोत, त्यांची जेवायचीच वेळ झालेली असते. कुणाला ताटावरून उठवायचं ते मी ठरवते. ताईला विचारल्याशिवाय सूर्यसुद्धा उगवत नाही, म्हणून तू चिडवायचास. अप्पांनी अंथरूण धरलं तेव्हा आपल्या घरासाठीही मी तसाच ऑनलाइन तक्ता करून तुला त्याची लिंक पाठवली होती. डावीकडे अप्पांची वेळ, उजवीकडे तुझी, परदेशातली. अप्पांचे सकाळचे साडेअकरा, तुझे सकाळचे सात. बाराला दुखण्याचं इंजेक्शन घेतलं की त्यांना झोप लागायची, म्हणून त्याआधीचा तो अर्धा तास तुझा. तू बेकरीतल्या सोबत्याला भट्टीपाशी उभं करून यायचास, पिठाच्या हातांनी फोन धरायचास, आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, आधी ती काच पूस रे.

त्या शेवटच्या रविवारी अप्पा शांत झोपले होते, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. बाराला नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला. “धाकटा येऊ दे,” म्हणाले. उशीचा कोपरा मुठीत आवळून पडून राहिले. कपाळावर घाम होता. मी तुला फोनवर फोन लावत होते, पण भट्टीवर तुम्हाला फोन नेऊ देत नाहीत, तो तुझ्या कपाटात वाजत राहिला असणार. मला तुझा भयंकर राग आला. बापासाठी याला अर्धा तास काढता येत नाही, असं मनात आलं. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना मीच म्हणाले, “अप्पा, त्याला नाही जमलं. घ्या आता.” त्यांनी हात पुढे केला. पाच मिनिटांनी तू स्क्रीनवर आलास, हाताला पीठ, हसत, अगदी वेळेवर आल्यासारखा. मंगळवारी ते गेले. मधे एकदाही शुद्धीवर आले नाहीत.

तू वेळेवरच आला होतास. तुझ्याकडची घड्याळं त्या पहाटे हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती. दरवर्षी जातात. ते मला माहीत असतं, त्याचाच मला पगार मिळतो. शुक्रवारी मी चौतीस जणांना तशी आठवण पाठवली होती, सोमवारी एकही माणूस चुकला नाही, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. घरच्या तक्त्यात मात्र तुझे सात तसेच राहिले. तिथे सहा हवे होते. तू विचारलंस, “ताई, मला उशीर झाला का?” तेव्हा माझ्या लक्षात आलं. थांब, बघते, म्हणाले, तक्त्यात सातचे सहा केले, आणि मग तुला सांगितलं की तक्ता बघ. तू बघितलास आणि ‘माझंच चुकलं’ म्हणालास. सात महिने झाले, तू तेच धरून बसला आहेस. काल मी आईला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे न बघता आत निघून गेली. माफ कर असं मी लिहीत नाही; तू केलंस तरी ‘त्याला नाही जमलं’ हे अप्पांना सांगितलेलं वाक्य मला परत घेता येणार नाही. पत्र कागदावर लिहिलं ते एवढ्यासाठी, की एकदा पेटीत टाकलं की मला त्यात बदल करता येत नाही. रविवारी आई फोनसमोर बसेल, मी त्या वेळी घरात नसेन. तू सातच वाचले होतेस. तो चष्मा काढून ठेव.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
ताई