बगळीला दार कोणी उघडलं?

पापडी, वसई
रविवार, चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर, १९८३

प्रिय रुडॉल्फदादा यास,

धाकटी मावसबहीण सेलिन हिचा सप्रेम नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे खुशाल आहेत, माझा खोकलासुद्धा. तुझं पित्त कसं आहे? नागपुरात राहतोस म्हणून जेवणाऐवजी संत्री खाऊ नकोस.

पत्राला कारण तुझी कादंबरी. मी सांभाळते त्या वाचनालयात तिची प्रत मांडली तेव्हापासून मला स्वस्थता नाही. आपल्याकडे प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी तो जुना गोष्टींचा संग्रह असतो आणि त्यातली बगळीची गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मुलगी पाण्याला गेली, खाडीवर रमली, आई रागाने म्हणाली मग तिथेच राहा, आणि पोर बगळी होऊन खाडीत उभी राहिली. संपली गोष्ट. पिढ्यानपिढ्या ती एका पायावर उभी होती, कोणाची काही तक्रार नव्हती. तू तिला पुन्हा बाई केलंस, मुंबईत टायपिस्ट केलंस (पगार लिहिला नाहीस, त्याचीही चौकशी झाली) आणि शेवटच्या पानावर बॅग घेऊन आईच्या दारात आणलंस. तिने कडी वाजवली आणि पुस्तक संपलं. आता गावाला एकच प्रश्न पडलाय, दार कोणी उघडलं?

ऑगस्टीन मास्तर (निवृत्त झाले, आवाज झाला नाही) पुस्तक परत करायला आले तेच शेवटची पानं कोणीतरी फाडल्याची तक्रार घेऊन. मी शिवण उलगडून दाखवली, तरी अर्धा तास टेबलाखाली शोधत होते. त्यांचा दुसरा आक्षेप असा की बगळीने इतकी वर्षं मिस्सा बुडवला त्याबद्दल कादंबरीत अवाक्षर नाही, तेव्हा दार उघडण्याआधी तिने पापनिवेदनाला जायला हवं होतं. पानवेलीच्या वाडीतल्या प्रेमलतावहिनींचं मत वेगळं. दार भावजयीनेच उघडलं असणार आणि बगळीच्या तोंडाआधी बॅगेकडे पाहिलं असणार, असं त्या पुस्तक मिटता मिटता मोठ्याने म्हणाल्या. त्यांची नणंद त्याच सकाळी बोर्डीहून बॅग घेऊन आली होती. ती जी उठली ती थेट एस.टी. स्टँडवर. वहिनी मागून पळत गेल्या, एस.टी.चा दांडा धरून सबंध कथानक समजावून सांगितलं, तेव्हा कुठे नणंद उतरली. आता ती पुस्तक वाचतेय आणि रोज रात्री भावजयीला विचारते की तुम्ही असतात तर काय केलं असतं.

आता मटिल्डा मावशीचं, म्हणजे तुझ्या आईचं. रागावू नकोस, मीच तिला वाचून दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं (तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं, आता कळवलं), डोळ्यांवर पट्टी, दिवस जाता जाईना. तू फादर व्हायचं सोडून सेमिनरीतून परत आलास, तिने तुला ओट्यावरूनच जा म्हटलं आणि तू खरंच गेलास, तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. म्हणून मी लेखकाचं नाव वाचलंच नाही. नागपूरचे कोणी आहेत म्हटलं. बगळी गाळातून पाय उपसून काठावर येते तिथे मला थांबवून तिने विचारलं, "नागपूरच्या माणसाला आपल्या खाडीचा वास कसा गं ठाऊक?" मी म्हटलं, हुशार असेल. ती म्हणाली, "हुशार होताच. पुढे वाच."

शेवटचं पान झालं. मी म्हटलं, मावशी, सगळं गाव भांडतंय, तुझ्या मते दार कोणी उघडलं? तिने पुष्कळ वेळ उशीचा कोपरा चुरगळला. मग बोलली (आपल्या बोलीत, मी शाळेच्या मराठीत लिहितेय), "आई रागात बोलली. पोर एवढं मनावर घेईल हे तिला कुठे माहीत? आणि हा कडी कसली वाजवतो? आपल्या घरी कोणी कडी वाजवतं का? मागल्या दाराने यायचं, पाय धुवायचे, जेवायला बसायचं." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपली. निदान तसं दाखवलं. डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे, म्हणून मी दिवा बारीक केला आणि काही पाहिलं नाही.

बाकी क्षेम. तिकडे आमच्या वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
सेलिन

ता. क. : शेवट खरा काय आहे ते मला एकटीला कळव. मी कोणाला सांगणार नाही. मास्तरांना फार तर.

ता. क. २ : मावशीने हे पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. तिच्याबद्दलचं सगळं खोडून टाक म्हणाली. मी हो म्हटलं. तिच्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तिने पुन्हा हाक मारली. मागल्या दाराशी रचलेली लाकडं आजच्या आज हलवून घे म्हणतेय. कारण विचारलं तर सांगत नाही. नागपूरहून गाडी सकाळी येते की संध्याकाळी, तेवढं मात्र विचारलंय. उलट टपाली कळव.