मागच्या शिवणीतले तीन इंच

१४ मार्च, गुरुवार, दुकानातून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल परवा पोचलं. आटल्या म्हणून सैल करायला पाठवलेल्या चारही पँटी मिळाल्या. निळीच्या खिशात रुमाल तसाच राहिला होता, तो धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. इकडे सगळं ठीक. जुन्या मशीनचा पट्टा बदलला, शटरला तेल घातलं. समोरच्या चष्मेवाल्याने अखेर स्वतःसाठी चष्मा केला. इतके दिवस डोळे बारीक करून दुसऱ्यांचे नंबर काढत होता. तुझ्या सौभाग्यवतींचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, खोकला थांबला का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनी तपासणीला जा म्हणून मागे लागल्यात आणि तू त्यांना गप्प केलंस, ते कसं हेही तू मोठ्या ऐटीत लिहिलं आहेस. वजन चौसष्ट किलो, बीएमआय बावीस पूर्णांक आठ, आणि ताईच्या वहीत नऊ वर्षं कंबर बत्तीसच, मग डॉक्टर आणखी काय सांगणार? वाचून मी हसले. मग दोन दिवस तुझ्या पँटींना हात लावला नाही.

आधी इकडची एक गंमत सांगते. चार महिन्यांपूर्वी आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयात आरोग्य तपासणी होती. एक सिस्टर आणि एक डॉक्टर, बाहेर ही रांग. सिस्टरांची टेप वापरून वापरून ताणली गेलेली, म्हणून त्या माझ्याकडे टेप मागायला आल्या. मी कसली नुसती टेप देते! म्हटलं, कंबर मोजणं हा माझा धंदाच आहे, मीच मोजते, तुम्ही लिहून घ्या. पंधरा जणांची मापं धडाधड सांगितली. सोळाव्याला त्यांनी माझा हात धरला.

"ताई, ही पँटची कंबर झाली. मला माणसाची हवी आहे."

तीस वर्षं कात्री चालवतेय मी, धाकट्या. कान लाल झाले. पण बाई बरोबर होती. आपण पोटाखाली, जिथे पट्टा बसतो तिथे टेप लावतो. पोट वर कितीही सुटू दे, पट्टा आपला खाली सरकत जातो आणि माप जवळपास तेच राहतं. सिस्टरांनी सर्वांत खालची बरगडी चाचपली, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ, आणि दोन्हींच्या मधोमध टेप लावली. श्वास सहज सोडायला सांगितला, पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायची नाही. त्या माणसाचे चार इंच वाढले. आधीच्या पंधरा जणांना मी हाका मारमारून परत बोलावलं.

मी विचारलं, वजन-उंचीचा आकडा काढताच आहात, मग वर ही कंबर कशाला? त्या म्हणाल्या, त्या आकड्याला मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही आणि चरबी कुठे साठलीय हेही कळत नाही. गोदामातल्या पैलवानाचा आकडा अठ्ठावीस आला, बिचारा घाबरला. पण त्याची कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी भरली, रक्तदाब आणि साखरही ठीक निघाली. पोटातली चरबी जास्त छळते म्हणतात, आणि ती सडपातळ दिसणाऱ्या माणसातही असू शकते. मात्र कंबर वाढली म्हणजे आजार झालाच असं नाही, हेही त्यांनी मला दोनदा बजावलं. ही नुसती चाळणी. वर जे राहील ते नीट तपासून घ्यायचं, एवढंच.

मग त्यांनी मलाच उभं केलं. शिंप्याची कंबर कोण मोजणार, माझं माप मी जन्मात घेतलं नव्हतं. उंची बासष्ट इंच, म्हणजे निम्मी एकतीस. कंबर सदतीस. बोटाला सुई टोचली, पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी रक्त दिलं. साखर आहे. गोळ्या चालू आहेत, रोज संध्याकाळी चालते, दोन इंच उतरलेही. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच धावत आला असतास आणि दारातच मी तुझं पोट बघितलं असतं, मग मला बोलावं लागलं असतं. काळजी करू नकोस. मी बरी आहे.

आता तुझं.

बाबांचा नियम तुला आठवत असेल: गिऱ्हाइकाला कापड आटलं म्हणायचं, माणूस सुटला म्हणायचं नाही. वहीत जुनाच आकडा ठेवायचा आणि वाढलेल्या प्रत्येक इंचाला शेजारी एक टिंब द्यायचं. ते टिंब फक्त कापणाऱ्याने वाचायचं. मीही तेच करत आले. तुझ्या नावापुढे बत्तीस आहे आणि तीन टिंबं आहेत. दरवेळी मी मागची शिवण उसवून कापड सोडलं, नव्या पँटी मोठ्या कापल्या आणि आत बत्तीसचीच चिठ्ठी शिवली. तुझी पँटच पस्तीसची आहे. तुझी उंची सहासष्ट, निम्मी तेहतीस. खरी कंबर किती असेल ते मला ठाऊक नाही, आणि विचार केला की भीती वाटते. मागच्या खेपेला बुटाची नाडी बांधताना तू मधे थांबून दम घेतलास. मी बघितलं आणि चहा टाकायला आत गेले.

बाबांचं असंच झालं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. शेवटच्या वर्षात त्यांची पँट मी दोनदा सैल केली. "कापड आटलं गं," ते मला म्हणायचे, मला! मीही हो म्हणायचे. मग एके सकाळी कापायच्या टेबलाशी हातात खडू घेऊन ते खाली बसले ते उठले नाहीत. तपासलं असतं तर वाचले असते असं नाही म्हणत मी. ते कुणालाच माहीत नाही. पण त्यांचं पोट वाढतंय हे सगळ्या जगात फक्त मला आकड्यात माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. हे मी कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही.

आणि आता तू माझंच खोटं वहिनींच्या तोंडावर फेकतोस.

म्हणून चारही पँटी न उसवता परत पाठवतेय. साखर, रक्तदाब आणि डॉक्टर सांगतील ते सगळं तपासून कागद मला पाठव, मग हव्या तेवढ्या नव्या शिवून देईन. हे पत्र तू लपवशील हे मी ओळखून आहे, लहानपणी प्रगतिपुस्तक लपवायचास तसंच. म्हणून वहिनींनाही वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात तिन्ही टिंबं आहेत. दोन्ही पत्रं आजच्याच टपालाने निघतील.

चिडशील. चीड. वर्षभर बोलू नकोस, मी सहन करीन. फक्त ते वर्ष तुझ्या हातचं जाऊ देऊ नकोस, एवढंच मागते.

तुला खरं माप पहिल्यांदाच सांगणारी,
तुझी ताई