उन्हाच्या कोपऱ्यातली वांगी

आबा, मागच्या दारी भाजी लावायची ठरवली आहे. निवृत्त झाल्यावर माणसं देश हिंडतात, मी वहीत चौकोन आखत बसले आहे. मोरीजवळ अळू, भिंतीला पडवळाचा मांडव, मधल्या वाफ्यात माठ आणि मुळा. फवारणी नाही, विकतचं खत नाही. पालापाचोळ्याचा खड्डा, शेजारच्या गोठ्यातलं शेण आणि भाजीची सालं, एवढ्यावर भागवायचं. आठवडाभर दर तासाला मागे जाऊन ऊन कुठे पडतं ते टिपून ठेवलं. सगळ्यात जास्त ऊन तुमच्या दगडाजवळच्या कोपऱ्यात पडतं. तिथे मी ‘वांगी’ लिहिलं, आणि खरं सांगते, पेन जरा दाबूनच लिहिलं.

तो तुमचा कपडे धुवायचा दगड. पाळी सुटली की एमआयडीसीतून तुम्ही सायकलवर यायचात, पण तसेच घरात कधी शिरायचा नाहीत. आधी मागे जाऊन खाकी कपडे स्वतः धुवायचे, तिथेच अंगावर पाणी घ्यायचं, मग घर. आईला त्या कपड्यांना हात लावू द्यायचा नाहीत. कारखाना रंगांचा, धुण्याचं पिवळं पाणी कोपऱ्यात जिरायचं, आणि तिथे तुम्ही फक्त अबोली लावली होती. शेजारणी आईला म्हणायच्या, नशीब काढलंस, नवरा स्वतःचं धुणं धुतो. आई नुसती हसायची.

मी आठवीत असताना शाळेत वांग्याची रोपं वाटली. ती मी अबोलीच्या दाट ओळीमागे, भिंतीला लागून लपवून लावली आणि तुमच्या धुण्याचंच पाणी तिकडे वळवलं. तुम्हाला चकित करायचं होतं. पहिली वांगी निघाली तशी आईकडून भाजी करून घेतली आणि डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी ठेवली, की ही अबोलीमागे मी पिकवलेली वांगी आहेत.

त्या दिवशी तुम्ही कपडे न धुताच मागच्या दारात येऊन उभे राहिलात. "भाजी घरात कुनी कुनी खाल्ली?"

आई म्हणाली, कुणीच नाही, सगळी तुमच्याच डब्यात दिली. तुम्ही पायरीवर मटकन बसलात. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही उठलात, कोपऱ्यात गेलात आणि सहाही रोपं मुळासकट उपटलीत. उरलेली वांगी चपलेखाली चिरडलीत.

"हितं खायाचं काय लावायचं नाय. फुलं लाव."

एवढंच बोललात. तेव्हापासून मी तुमच्याशी तुटकच वागले. पुढे शिकले, शाळेत नोकरीला लागले, तुमची छाती भरायला लागल्यावर दवाखान्यात नेलं-आणलं. लोक म्हणाले, लेकीने मुलासारखं केलं. केलं खरं, पण तुमच्या उशाशी कधी बसले नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता वीस वर्षं झाली, आणि ती सहा रोपं काही माझ्या डोक्यातून गेली नाहीत.

यंदा मार्चमध्ये पोलादपूरकडचे काका, तुमचे पाळीतले सोबती, सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर आले होते. अभिवादन करून दरवर्षी आपल्याकडे चहाला येतात, आता काठी टेकत येतात. मी हौसेने त्यांना वही दाखवली, मागे नेलं. काकांनी कोपरा पाहिला आणि कप दगडावर ठेवला.

"तिथं खायाचं नको लावू गो. घरात विष येऊ नये म्हनून तर तो हितं कपडे धुवायचा."

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. तुम्ही मंडळी डबे मध्ये मांडून वाटून खायचात. त्या दुपारी तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलात. कुणी हात पुढे केला तर डबा ओढून घेतलात.

"मी बोललो, टाकून दे. तर म्हनतो, पोरीनं पिकवलंय, टाकू कसं? आनि तुमाला देऊ कसं? एकट्यानं सगळी खाल्ली."

मग घरी का नाही सांगितलं, मी विचारलं. काका म्हणाले, वहिनींना कळलं असतं तर त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर सोडलं असतं का? आणि तुझी शाळा व्हायची होती.

काका गेल्यावर मी त्या दगडावर बसून रडले. तुम्ही पायरीवर बसलात ते रागाने नव्हे, आम्ही कुणी खाल्लं नाही म्हणून, हे कळायला मला म्हातारी व्हावं लागलं. इतकी वर्षं तुमच्यावर रुसून राहिले, आबा, आणि तुम्ही ते राहू दिलंत.

वहीतलं ‘वांगी’ खोडलं आहे. पुराचा गाळ किती वेळा येऊन बसला, माती बदललीही असेल, पण मला पारख करून बघायची नाही. वांगी कुंड्यांत लावीन. कोपऱ्यात अबोलीची रोपं आणून लावली, त्यातली दोन जगली आहेत. हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील, मांडवाच्या मापाशेजारी.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या सकाळी आई थोडी भाजी घरात ठेवणार होती. मीच कढई खरवडून सगळी तुमच्या डब्यात दाबून भरली. तुमचं पोट भरावं म्हणून नाही. तुम्ही ती सगळ्यांना वाटाल आणि सारी पाळी माझं नाव काढील, म्हणून.