पेला खाली ठेवला

राहाता,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सत्यशीलाताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे आमच्या चर्चमध्ये महिनाभर नुसती धुसफूस चालली आहे. ह्यांनी बायबलच्या वर्गात सांगितलं, की कोण तरणार हे देवानं माणूस जन्मायच्या आधीच ठरवलेलं असतं. तरुण मंडळी उसळली. त्यांचं म्हणणं, जो स्वतः विश्वास धरील आणि आपल्या तोंडानं कबूल करील तोच तरेल. वर्गातल्या बनुबाई म्हणाल्या, की आमी अडानी मानसं, आमाला कोन निवडनार. परवा ह्यांच्याशी वाद घालता घालता दूध उतू गेलं, तेव्हा हेही आधीच ठरलं होतं का, असं मी विचारलं. तेव्हापासून अबोला आहे.

मग कुणीतरी विचारलं, तान्ह्या लेकरांचं काय? ती कसला विश्वास धरणार? मी उठून सांगितलं, की माझा ओबेद तासाभराचा होऊन गेला, पण माझ्या नर्स बहिणीनं आधी त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. पाळकसाहेबांनी २४ तारखेच्या उपासनेत हीच साक्ष द्यायला सांगितलं आहे. तू शेजारी उभी राहा. सत्तावीस वर्षं मी त्या पाण्यावर जगले आहे, ताई.

ओबेदच्या पाठीवर झालेल्या आमच्या सृष्टीचं लग्न ठरवायच्या खटपटीत आहोत. तिचा तुला सलाम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
शुभांगी


जामखेड,
१० नोव्हेंबर २०२४

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

मोबाईल तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. हे बोलवत नाही, म्हणून लिहिते.

पाणी पडलं नाही, शुभे. पेला भरून मी ओबेदच्या पाळण्याशी गेले होते, एवढं खरं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. तुझं रक्त थांबत नव्हतं, तू शुद्धीवर नव्हतीस. मी पेला खाली ठेवला आणि धावले. दोन्ही हातांनी तुझं पोट दाबून उभी राहिले. परत गेले तेव्हा तो गेला होता. दोन थेंबांचं काम होतं, असं तू म्हणशील. मीही सत्तावीस वर्षं तेच म्हणते आहे.

तू शुद्धीवर येऊन पहिलं तेच विचारलंस. मला नाही म्हणवलं नाही. महेंद्ररावांना सांग, त्या दिवशी आधीपासून ठरलेलं मला तरी काही दिसलं नाही. मी ठरवलं. त्याबद्दल मला देवाची भीती वाटते आणि तुझी त्याहून जास्त.

२४ तारखेला खोट्या साक्षीला माझा खांदा देऊ नकोस. रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
ताई


राहाता,
१७ नोव्हेंबर २०२४

ताईस,
सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पोळ्या करपल्या. ह्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता शास्त्र सांगतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, की ओबेद देवाच्या हातातून सुटलेला नाही, एवढंच मला ठाऊक आहे. मग ते रडले. सत्तावीस वर्षांत मी त्यांना त्याच्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं.

मला मात्र चैन नाही. तू मला विचारलं असतंस, तर मी लेकराकडे जा म्हटलं असतं. आजही म्हणेन. मग कणीक मळत बसलेली सृष्टी दिसते, आणि मला ते म्हणवत नाही. तिच्याकडे नीट बघवतही नाही. हे ओझं तू एकटीनं वाहिलंस, आता अर्धं माझ्या डोक्यावर दिलंस.

येत्या रविवारी साक्ष मी देणार आहे. पाणी पडलं नाही, हे सांगणार आहे. तुझ्या हातांचंही सांगणार आहे. तान्ह्या लेकरांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, तेही सांगेन.

शनिवारच्या गाडीनं ये. गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, आमच्याकडे पायऱ्या आहेत. पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बस. तुला माफ केलं का, हे मात्र विचारू नकोस. ते अजून ठरलेलं नाही.

तुझीच,
शुभा